राजीनामा लिहून द्या, मग बघू

बाळंतपणाची रजा नाकारणारा माणूस 'रजा मिळणार नाही' असं क्वचितच म्हणतो. तो आधी खुर्ची पुढे करतो, अभिनंदन करतो आणि मग हळूच सांगतो, "मॅडम, आत्ता राजीनामा लिहून द्या. बाळ सहा महिन्यांचं झालं की परत या, जागा तुमचीच आहे." कुठे सांगितलं जातं, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय, मग रजेचा प्रश्न येतोच कुठे?" कुठे "तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात" एवढ्यावर विषय मिटतो. शाळेत संस्थाचालक म्हणतात, "बाई, परीक्षा तोंडावर आल्यात, जरा समजून घ्या." लहानशा दवाखान्यात, सीएच्या ऑफिसात किंवा क्लासमध्ये तर हुकमी वाक्य असतं, "अहो, आपण सगळे घरचेच. इथे कसले कायदे?"

हे सगळे नकारच आहेत. त्यातला राजीनाम्याचा प्रकार सर्वांत हुशारीचा, कारण नकार मालकाचा आणि खाली सही बाईची. पुढे भांडण झालंच तर मालक तोच कागद काढून दाखवतो : आम्ही कुठे काढलं, त्या स्वतःहून गेल्या.

सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा असते, हे आता नोकरी करणाऱ्या बहुतेक बायकांना ठाऊक असतं. या गोड बोलून दिलेल्या नकारांपैकी जवळजवळ प्रत्येकाला कायद्याने किंवा न्यायालयाने आधीच उत्तर देऊन ठेवलेलं आहे, ही गोष्ट मात्र फार थोड्या जणींपर्यंत पोचलेली असते. आणि ते उत्तर वेळेत, लेखी स्वरूपात समोर ठेवलं तर कित्येक प्रकरणं न्यायालयापर्यंत जावीच लागत नाहीत.

आधी मालकाचं दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू, कारण ते खोटं नाही. प्रसूतीलाभाचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याने १९२९ साली केला. त्याआधी १९२४ मध्ये ना. म. जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात असंच विधेयक आणलं होतं, ते फेटाळलं गेलं. मुंबईच्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदेमंडळात बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, ही त्यांची भूमिका. त्यावरून त्यांनी पुढचा सरळ निष्कर्ष काढला : हित राष्ट्राचं असेल तर खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. मालकालाही त्यांनी मोकळं सोडलं नाही. बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो, तेव्हा त्यानेही आपला भार घ्यावा.

त्यातलं मालकाच्या वाट्याचं पुढच्या सगळ्या कायद्यांनी उचललं, सरकारच्या वाट्याचं मागेच राहिलं. १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला नेहमीचा ईएसआय, हा त्यातला एक मोठा अपवाद. तिथे मालक आणि कामगार दरमहा वर्गणी भरतात आणि बाळंतपणातला पगार महामंडळ देतं. पण तो महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी. त्याच्या वर गेलं की पूर्ण पगार एकट्या मालकाने द्यायचा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात हे ओझं बारा आठवड्यांचं होतं. २०१७ च्या दुरुस्तीने ते सव्वीस आठवड्यांचं झालं. २०१८ मध्ये कमी पगाराच्या नोकरदार बायकांपुरता सात आठवड्यांच्या पगाराचा परतावा मालकांना देण्याची योजना विचाराधीन असल्याचं केंद्राने जाहीर केलं होतं. ती काही प्रत्यक्षात उतरली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात हा खर्च सामाजिक विमा किंवा सरकारी निधीतून व्हावा, एकेकट्या मालकावर टाकू नये, असं तत्त्व आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही.

तेव्हा पंधरा जणांचं ऑफिस चालवणारा माणूस कपाळाला हात लावतो तेव्हा तो नाटक करतोच असं नाही. पण त्याचं हे भांडण सरकारशी आहे. त्याची वसुली समोर बसलेल्या गरोदर बाईकडून करायची सोय कायद्याने ठेवलेली नाही.

आता कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६१ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. नाव बदललं तरी बाळंतपणाविषयीचा गाभा बहुतांशी तसाच सहाव्या प्रकरणात आला आहे, त्यामुळे जुन्या कायद्याखाली झालेले निकाल आजही वाट दाखवतात. कारखाने, खाणी, मळे यांना हे प्रकरण लागू आहे, आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या दुकानांना व आस्थापनांनाही. अट एकच : प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. यात भरपगारी सुट्ट्याही मोजल्या जातात. प्रोबेशन, कायम, तात्पुरती असा भेद या अटीत कुठेही नाही. पदाचाही नाही. कारकून असो की मॅनेजर, हक्क सारखाच. 'मी व्यवस्थापनात आहे, मला कामगार कायदे लागू नाहीत' असं आयटी कंपन्यांतल्या कित्येक मुली धरून चालतात. या बाबतीत ते चुकीचं आहे.

सव्वीस आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ प्रसूतीच्या आधी घेता येतात. आधीची दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर रजा बारा आठवड्यांची, त्यातले आधी सहा. इथे एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'तिसऱ्या बाळंतपणाला रजा नसते' असं खासगी नोकरीत ठणकावून सांगितलं जातं. ते खरं नाही. रजा कमी होते, शून्य होत नाही. आठवड्यांच्या हिशेबातही खोट काढली जाते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोइमतूरकडच्या एका मळ्यातल्या मजूर बाईच्या प्रकरणात सांगून टाकलं, की आठवडा म्हणजे सात दिवसांचा, रविवार धरून. त्या मळ्याने तिच्या बारा आठवड्यांतून रविवारचे पैसे कापले होते. निकालाला इतकी वर्षं झाली, तरी 'सुट्ट्यांचे पैसे वजा' हा प्रकार अजून अधूनमधून ऐकू येतोच.

फारसं कुणी सांगत नाही ते पुढे आहे. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे. याविषयी कुटुंबातही दबक्या आवाजात बोललं जातं, ऑफिसात तर नाहीच, आणि बाई दोन दिवसांची 'सिक लीव्ह' टाकून कामावर हजर होते. सव्विसाव्या आठवड्यानंतर बाळ मृत जन्माला आलं तर कायद्याच्या दृष्टीने ती प्रसूतीच आहे, कारण 'मूल' या शब्दाच्या व्याख्येत मृत जन्मलेलं मूलही येतं. म्हणजे रजा पूर्ण. "आता बाळच नाही, तर रजा कशाला?" हा प्रश्न विचारणारे साहेब असतात, आणि तो विचारला जातो तेव्हा समोरची बाई वाद घालण्याच्या अवस्थेत नसते. हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत असावं. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे, गरोदरपणातून किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी आणखी एक महिना, मालकाने प्रसूतीची वैद्यकीय सोय मोफत केली नसेल तर ३५०० रुपये, आणि कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी, हेही त्यातच येतं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे.

दत्तक घेणाऱ्या आईला आणि सरोगसीतून बाळ मिळवणाऱ्या आईला २०१७ मध्ये बारा आठवडे मिळाले. दत्तकासाठी मात्र बाळ तीन महिन्यांच्या आतलं हवं, अशी अट घातली गेली. दत्तकाची प्रक्रिया ज्याने जवळून पाहिली आहे त्याला यातला विनोद कळेल : आधी मूल दत्तक देण्यास मोकळं असल्याचं जाहीर व्हायचं, मग पालकांशी जुळणी, मग ताबा. एवढ्यात तीन महिने कधीच उलटलेले असतात. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. सरोगसीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने संसदेची वाट पाहिली नव्हती. २०१५ मध्येच अशा आईला रजा नाकारता येणार नाही असा निकाल तिथे झाला होता.

आता मघाचे आणि तसलेच आणखी काही नकार एकेक करून घेऊ.

'तुम्ही रोजंदारीवर आहात.' दिल्ली महापालिकेत मस्टरवर काम करणाऱ्या बायकांना हेच सांगण्यात आलं होतं. रस्ते खणणाऱ्या, खडी वाहणाऱ्या या बायका. कायम नोकरांना रजा, यांना नाही. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेचं म्हणणं मोडीत काढलं. गरोदरपणात शेवटपर्यंत खडी उचलणाऱ्या बाईला विश्रांतीची गरज कायम कारकुनापेक्षा कमी कशी, याला महापालिकेकडे उत्तर नव्हतं. निकालाची तारीख नेमकी महिला दिनाची आली.

'तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय.' हा बहाणा अनेक वर्षं चालला, कारण त्यात वरवर तर्क दिसतो : नोकरीच नसेल तर रजा कसली? दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात कंत्राटावर असलेल्या डॉक्टर बाईंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल लागला. ८० दिवसांची अट पूर्ण झाली, की लाभाचा हक्क पक्का झाला. कराराची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी उरलेल्या आठवड्यांचा लाभ द्यावाच लागतो. कंत्राटावर नेमलेल्या प्राध्यापिका, परिचारिका, प्रकल्पांवर काम करणाऱ्या मुली महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्यांनी हा एक निकाल तरी लक्षात ठेवावा.

'तुम्हाला आधीच दोन मुलं आहेत.' सरकारी आणि निमसरकारी नोकऱ्यांत संहितेपेक्षा सेवानियम चालतात, आणि त्यांत दोन मुलांची मर्यादा कडक असते. इथे न्यायालयांनी गेल्या काही वर्षांत बरीच माणुसकी दाखवली आहे. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या एका परिचारिकेच्या नवऱ्याला पहिल्या लग्नाची दोन मुलं होती. तिने स्वतः जन्म दिलेलं पहिलंच मूल कार्यालयाने 'तिसरं' ठरवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला रजा दिली, आणि आई, वडील, मुलं हा एकच साचा म्हणजे कुटुंब नव्हे, हेही सांगितलं. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर विमानतळ प्राधिकरणातल्या एका कर्मचारी बाईचं प्रकरण आलं. पहिला नवरा वारला म्हणून त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नोकरी, त्याच्यापासून एक मूल, मग पुनर्विवाह आणि दोन मुलं. तिसऱ्या वेळी प्राधिकरणाने रजा नाकारली. न्यायालयाने तो नकार रद्द केला. तमिळनाडूतल्या एका सरकारी शिक्षिकेच्या अशाच दुसऱ्या लग्नातल्या बाळासाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजा मान्य केली. न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या त्या खंडपीठाने प्रसूती रजेला स्त्रीच्या प्रजनन हक्कांशी जोडलं. लोकसंख्येवर नियंत्रण ठेवण्याचं धोरण आणि बाईच्या हाती बाळ असताना तिला मिळणारी विश्रांती या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत, हा या निकालांमधला समान धागा आहे.

'परत आलात, पण आता ते पद नाही.' हा नकार रजेनंतर येतो, म्हणून अनेकींना तो नकार वाटतच नाही. रजेवर असताना काढून टाकणं तर बेकायदा आहेच; त्या काळात नोकरीच्या अटी बाईच्या तोट्याच्या होतील अशा बदलणंही बेकायदा आहे. पगार कापणं, हाताखालची टीम काढून घेणं, रजा होती म्हणून मूल्यमापनात तळाशी ढकलणं, हे सारं याच कसोटीवर तपासता येतं. आणि प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला काम देणं हा गुन्हाच आहे. 'घरूनच जरा मेल बघा' यालाही ही मनाई लागू आहे. ती राजी असली तरी. उलट बाजूही सांगायला हवी : रजेच्या काळात दुसरीकडे पगारी काम केलं तर त्या दिवसांचा लाभ जातो.

राहिलं 'आपण सगळे घरचेच'. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानात संहितेचं हे प्रकरण लागू होत नाही, हे खरं. पण माणसं मोजताना मालकाचा हिशेब आणि हजेरीपट यांत फरक पडतो. डिलिव्हरीची मुलं, सफाईवाली, अर्धवेळ अकाउंटंट बहुधा गाळलेले असतात. ते आधी मोजून घ्यावेत.

आणि ज्यांना ना हजेरीपट आहे ना नेमणूकपत्र, त्यांचं काय? बीडच्या ऊसतोड मजुरांत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. एखादा दिवस काम बुडालं की 'खाडा', आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मासिक पाळीचा आणि बाळंतपणाचा खाडा परवडत नाही म्हणून तरुण बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ मध्ये उघडकीस आलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कायद्याच्या पुस्तकातले सव्वीस आठवडे या बायकांच्या फडापर्यंत पोचलेले नाहीत. अशा असंघटित बायकांसाठी आहेत त्या योजना : प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५ हजार, दुसरी मुलगी झाल्यास ६ हजार, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदलेलं असेल तर साध्या प्रसूतीला १५ हजार आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतीला २० हजार रुपये. इतक्याशा रकमेला रजेचा पर्याय म्हणणं धाडसाचं ठरेल. पण मातृवंदनेत तरी सरकार स्वतः पैसे देतं. आंबेडकरांच्या १९२८ मधल्या त्या भाषणाशी जुळणारं इतकंच काय ते.

बापांविषयी थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं. खासगी विधेयकांचं होतं तेच त्याचं झालं. कंपनीच्या धोरणात पितृत्व रजा लिहिलेली असेल तर तो नोकरीच्या अटींचा भाग, आणि त्यावर बोट ठेवून मागता येते. आजारी आईवडिलांची, नवऱ्याची किंवा बायकोची शुश्रूषा करण्यासाठीही वेगळी रजा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या वर्षाच्या आठ किरकोळ रजा आणि साठलेल्या अर्जित रजा यांवरच सारी भिस्त. राज्य सरकारी नोकरीत बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल, अशा पुरुष कर्मचाऱ्यालाही ती मिळते. केंद्रात हीच रजा ७३० दिवसांची आहे, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या बापालाही ती आता मिळते. ही रजा हक्क म्हणून सरसकट मिळत नाही, मंजूर व्हावी लागते. पण २०२४ मध्ये हिमाचलच्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिचा संबंध थेट बायकांच्या नोकरीतल्या समान सहभागाशी जोडला. त्या बाईंचा मुलगा दुर्धर जनुकीय आजाराने ग्रस्त होता आणि रजा संपल्या होत्या.

नकार आला तर काय करायचं? पहिली गोष्ट, कशावरही सही करायची नाही. 'नुसती फॉर्मॅलिटी आहे' असं सांगून पुढे केलेल्या कागदावर तर नाहीच. राजीनामा दिलाच असेल आणि तो अजून अमलात आला नसेल, तर तो मागे घेत असल्याचं तातडीने लेखी कळवावं. अमलात येण्यापूर्वी राजीनामा मागे घेता येतो, हे तत्त्व न्यायालयांनी सर्वसाधारणपणे मान्य केलेलं आहे. तो कोणत्या परिस्थितीत लिहून घेतला गेला तेही त्याच पत्रात लिहावं.

दुसरी गोष्ट, तोंडी बोलणं कागदावर आणायचं. रजेचा अर्ज लेखी हवा : अपेक्षित तारीख, रजा कधीपासून हवी, सोबत डॉक्टरांचा दाखला. ईमेलने पाठवलात तर प्रत स्वतःच्या खासगी ईमेलवरही ठेवा, कारण वाद सुरू झाला की ऑफिसचं खातं पहिल्यांदा बंद होतं. कागदी अर्ज असेल तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी ईमेलमध्ये उतरवा : 'आज आपल्या बोलण्यात आपण मला राजीनामा देण्यास सुचवलंत. मी राजीनामा देऊ इच्छित नाही, मला नियमानुसार रजा हवी आहे.' भाषा थंड ठेवा. असा ईमेल गेला की पुष्कळ साहेबांना अचानक कायदा आठवतो. अर्ज वेळेत देता आला नाही म्हणून हक्क जात नाही, प्रसूतीनंतरही अर्ज करता येतो. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, माता व बाल संरक्षण कार्ड, हे एका फायलीत असावं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट ठीकच, पण मूळ संदेश असलेला फोन विकू किंवा पुसू नका. पुरावा म्हणून तो लागू शकतो.

पैशांचंही वेळापत्रक आहे. प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ द्यायची असते, आणि नंतरच्या काळाची प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. ती आली नाही, किंवा नोकरीवरून काढलं, तर खासगी क्षेत्रातल्या बाईने कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षकाकडे तक्रार करायची. मुंबईतलं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. तक्रारीला वकील लागत नाही. नव्या संहितेत मालकाला खटल्याआधी चूक सुधारण्यासाठी ३० दिवसांची संधी दिली जाते. कामगार चळवळीतल्या लोकांना ही सवलत खुपते. पण पैसे आणि नोकरी परत मिळवणं हाच ज्या बाईचा उद्देश आहे तिला ती सोयीचीही पडू शकते, कारण निरीक्षकाची नोटीस मिळाल्यावर शहाणा मालक पैसे देऊन मोकळा होतो. मातृत्व लाभ नाकारल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

मुदती मात्र क्रूर आहेत. गरोदरपणात काढून टाकलं किंवा लाभ नाकारला, तर त्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे दाद मागायची असते. खासगी शाळेतल्या शिक्षिकेला बडतर्फ केलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला ३० दिवसच मिळतात. बाळंतपणाच्या आसपास महिना-दोन महिने कसे जातात हे काही सांगायला नको. मालकाचा वकील तेच धरून चाललेला असतो. म्हणून अर्ज तयार करण्याचं काम नवऱ्याने, आईने, बहिणीने किंवा युनियनच्या माणसाने अंगावर घ्यावं, सही फक्त तिची. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची वाट वेगळी : महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. ईएसआयवाल्यांचा बाळंतपणातला पगार महामंडळाकडून येतो, त्यामुळे दावाही तिथल्या शाखा कार्यालयात करायचा. तिथे अडलं तर विमा न्यायालय आहे.

वकिलाच्या फीच्या धास्तीने मागे फिरणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि ही धास्ती बऱ्याच अंशी अनाठायी आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिथे बायकांना उत्पन्नाची मर्यादा नाही. पगार साठ हजार असला तरी अर्ज करता येतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती. अर्ज साध्या कागदावर चालतो, ऑनलाइनही करता येतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन केला तर कुठे जायचं ते सांगतात. नेमून दिलेला वकील पसंत पडला नाही किंवा त्याने लक्ष घातलं नाही, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे दुसरा मागता येतो. ही मागणी करायला संकोचू नये, सचिवांना त्याची सवय असते.